सूर सलग चढत का नाही? (सॉफ्टवेअर सिंथ, मदत हवी)

चुकार_तंबोरा

नमस्कार मंडळी. हा विभाग बरेच दिवस ओस पडलाय, तरी विचारून बघतो.

प्युअर डेटामध्ये (डबे वायरने जोडून आवाज तयार करायचं सॉफ्टवेअर) एक अगदी साधा सिंथ जोडलाय. एकच ऑसिलेटर (सूर काढणारा डबा), साइन वेव्ह. त्याचा सूर २२० हर्ट्झपासून ८८० हर्ट्झपर्यंत, म्हणजे बरोबर दोन सप्तकं, ८ सेकंदांत हळूहळू चढवायचा आहे. त्यासाठी 'लाइन' ऑब्जेक्टला "२२०, ८८० ८०००" असा मेसेज देतो आणि त्याचं आउटपुट थेट ऑसिलेटरला.

दोन तक्रारी आहेत. पहिली, सूर सुरुवातीला धावत सुटतो आणि पुढे पाय ओढत जातो. मी आकडे नोंदवून आलेख काढला, तर रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ! मग कानाला वाकडी का लागते? दुसरी, चढताना बारीक खरखर येते. गंमत म्हणजे ती सुरुवातीला जास्त आहे आणि शेवटाकडे जवळजवळ विरते. हेडफोन बदलून झाले, तेच.

नुसता उपाय सांगू नका, असं का होतं तेही सांगा. दोन रात्री गेल्यात यात.

निवांत_पोपट

पहिला! यातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचतोय.

गुंडीबहाद्दर

एवढा खटाटोप कशाला? कीबोर्डचं पिच व्हील घ्या, सिंथमध्ये बेंड रेंज २४ सेमीटोन (एका सप्तकात १२) करा, हाताने चढवा. विषय संपला.

अर्धमात्रा

@चुकार_तंबोरा, तुमचा आलेखही बरोबर आहे आणि कानही. भांडण एककाचं आहे.

कान हर्ट्झ मोजत नाही, तो गुणोत्तर मोजतो. दुप्पट झालं की एक सप्तक. २२० ते ४४० हे एक सप्तक आणि ४४० ते ८८० हेही एकच सप्तक. पहिल्यात २२० हर्ट्झचं अंतर, दुसऱ्यात ४४० चं. तुमची रेघ दर सेकंदाला सारखेच ८२.५ हर्ट्झ चढते. म्हणजे पहिलं सप्तक २.६७ सेकंदांत उरकलं आणि दुसऱ्याला राहिलेले ५.३३ सेकंद लागले. वेग निम्मा झाला! निम्म्या वेळेला, ४ सेकंदांवर, तुम्ही ५५० हर्ट्झवर असता. तिथे २४ पैकी जवळजवळ १६ सेमीटोन संपलेले असतात. कानाला धावपळ आणि मग रेंगाळणं ऐकू येणारच.

उपाय: हर्ट्झमध्ये रेघ मारूच नका. मिडी (वाद्यं आणि संगणक यांच्यातली आकड्यांची भाषा) नोटच्या आकड्यात मारा. २२० म्हणजे नोट ५७, ८८० म्हणजे ८१. रेघ ५७ ते ८१ अशी काढायची आणि मग 'एमटॉफ'मधून हर्ट्झ करून घ्यायचे. प्रत्येक सेमीटोनला फ्रीक्वेन्सी सुमारे १.०५९४६ पट होते, तो गुणाकार एमटॉफ सांभाळतो. आता दर सेकंदाला बरोबर ३ सेमीटोन.

खरखरीचं रात्री लिहितो, आत्ता कामावर आहे.

शंकासुर

म्हणजे हर्ट्झमध्ये चढवणं सपशेल चूक? मग इतक्या सिंथमध्ये हर्ट्झचा नॉब ठेवलेला असतो तो कशाला?

खर्ज

@शंकासुर, चूक असं नाही, परिणाम वेगळा. एकाऐवजी तीन स्वर घेऊन बघ. २००, २५० आणि ३०० हर्ट्झ. ४:५:६, छान जुळलेला मेजर कॉर्ड. आता तिन्हींत २०० हर्ट्झ मिळव. ४००, ४५०, ५००. झाले ८:९:१०. कॉर्ड कुठल्या कुठे गेला, तीन शेजारी खेटून उभे राहिले. तोच कॉर्ड दुप्पट केलास तर ४००, ५००, ६००, आणि घराणं तेच राहतं. घंटेसारखा, धातूचा, विस्कटलेला आवाज हवा असतो तेव्हा लोक मुद्दाम हर्ट्झ मिळवतात. फ्रीक्वेन्सी शिफ्टर म्हणतात तो हाच प्रकार.

हा घोळ जुना आहे रे. अॅनालॉग सिंथच्या काळी दोन पंथ होते. मूगवाल्यांचा हिशोब व्होल्टमागे एक सप्तक. म्हणजे व्होल्टेजची सरळ रेघ दिली की सूर कानाला सरळ चढणार. दुसरा पंथ व्होल्टमागे ठरावीक हर्ट्झ असा, १९७८ सालचा कॉर्ग एमएस-२० त्यातलाच. या दोघांना एकमेकांना जोडलं की सुरांचा सत्यानाश. पहिल्या पंथाला सर्किटमध्ये घातांक काढावा लागे, तो ट्रान्झिस्टरकडून काढून घेत, आणि ट्रान्झिस्टर तापला की सूर सरकायचा. वाजवायला बसण्याआधी यंत्र तापू द्यायचं, मग लावायचं. तुमचं ते एमटॉफ तापत नाही, नशीबवान आहात.

निवांत_पोपट

"तीन शेजारी खेटून उभे राहिले" :D हे मात्र कळलं.

गुंडीबहाद्दर

माझ्या व्हीलच्या सूचनेला कुणी हिंगही लावून विचारलं नाही. नोंद घेतली आहे.

अर्धमात्रा

घ्या, आलो. आधी खरखर, मग गुंडीबहाद्दरांचं व्हील.

'लाइन' आणि 'लाइन टिल्ड' (नावापुढे ~ चिन्ह असलेला) ही दोन वेगळी माणसं आहेत. बिनटिल्डचा लाइन सतत वाहत नाही, ठरावीक अंतराने आकडा टाकतो, आणि ते अंतर तुम्ही वेगळं सांगितलं नाहीत तर २० मिलिसेकंद. सेकंदाला ५० आकडे, ८ सेकंदांत ४००. म्हणजे तुमची चढण घसरगुंडी नाही, ४०० पायऱ्यांचा जिना आहे. ६६० हर्ट्झ भागिले ४००, एक पायरी १.६५ हर्ट्झची.

आता सुरुवातीला खरखर जास्त का? २२० वर १.६५ हर्ट्झची उडी जवळपास १३ सेंटची होते (१०० सेंट म्हणजे एक सेमीटोन). तीच उडी ८८० जवळ जेमतेम ३ सेंटची. खाली पायऱ्या उंच, वर बुटक्या. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच झाडाची फळं आहेत.

लाइन टिल्ड हा ऑडिओच्या वेगाने, प्रत्येक सॅम्पलला (आवाजाच्या सेकंदाला हजारो असणाऱ्या नोंदींपैकी एक) नवा आकडा देतो. तो घ्या आणि एमटॉफही टिल्डवालाच घ्या. मध्ये कुठेही बिनटिल्डचा डबा आला की जिना परत आला समजा.

आता व्हील. @गुंडीबहाद्दर, मिडीचा पिच बेंड १४ बिटांचा असतो. ० ते १६३८३, मधोमध ८१९२. रेंज वरखाली २४ ठेवली तर एका पायरीला ०.३ सेंटसुद्धा येत नाहीत, कागदावर झकास. पण व्हीलचा वरचा प्रवास असतो बोटभर. त्यात २४ सेमीटोन कोंबून तो ८ सेकंद एकसारखा सरकवून दाखवा! शिवाय नेहमीची रेंज २ सेमीटोनची असते. कीबोर्डकडून २४ समजून वाजवलं आणि सिंथ २ वरच बसला असेल तर चढाई पायथ्याशीच संपते. दोन्हीकडे रेंज जुळलेली लागते.

आणि अगदीच किस काढायचा तर वरच्या बाजूला ८१९१ च पायऱ्या आहेत, म्हणून व्हील टोकाला नेलं तरी काही सिंथमध्ये सूर २४ ला केसभर कमीच पडतो.

शंकासुर

केसभर म्हणजे किती?

अर्धमात्रा

०.३ सेंट. आता झोपा.

मींडवेडी

मी गाण्याकडून या बाजूला आले, सिंथमधलं ज्ञान बेताचं. पण एक खटकलं म्हणून लिहिते.

सगळेजण "सरळ" या शब्दावर खूश दिसताहेत. मींड घेताना गळा कधी सरळ जातो का? आधीच्या स्वरावर क्षणभर टेकतो, मग निघतो, मध्ये वेग धरतो आणि पोचायच्या स्वराजवळ हलकेच उतरतो. ५७ ते ८१ एकाच चालीने चढलेला सूर मी करून ऐकला. हिशोबाला चोख, पण लिफ्टमध्ये उभं राहिल्यासारखं वाटतं. धक्का बसतो तो निघताना आणि थांबताना. मधल्या भागाबद्दल माझी तक्रार नाही.

खर्ज

मींडवेडीताई, दंडवत. थांबताना हलकेच उतरणं ही जुन्या पोर्टामेंटोची (सिंथमध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जायची सोय) खोडच होती. तिथे एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर, बस्स. कपॅसिटर भरताना आधी भराभर भरतो आणि मग सावकाश. ठरलेल्या एका अवधीत ६३ टक्के अंतर तोडणार, पुढच्या तेवढ्याच अवधीत उरलेल्याचे ६३ टक्के, असं करत करत पोचतो. उतरणं अगदी मखमली. पण निघताना मात्र उडीच. निघतानाची कळ त्याच्याकडे नाही.

गुंडीबहाद्दर

ताईंचा मुद्दा गाण्याला ठीक. पण धागाकर्त्याला काय हवंय ते त्यांनाच विचारा. नाचाच्या ट्रॅकमध्ये ताल कोसळायच्या आधी जो चढता सूर लावतात तो शेवटी हलकेच उतरला तर सगळी हवा निघून जाईल. तिथे उलटं लागतं, आधी कळू नये इतकं हळू आणि शेवटच्या सेकंदाला सुसाट. थांबूच नये, तोडावं!

मींडवेडी

@गुंडीबहाद्दर, तोडल्यावर पुढचा स्वर कुठला येतो यावर ते अवलंबून नाही का? चढ जिथे तुटला तिथेच पुढचा स्वर असेल तर कान पोचला. नसेल तर लोंबकळत राहिला.

गुंडीबहाद्दर

हं. हे मान्य. (बहाद्दराने मान्य केलेली ही पहिलीच गोष्ट. धागाकर्त्याने स्क्रीनशॉट काढून ठेवावा.)

अर्धमात्रा

दोघांचंही एकाच जोडणीत बसतं. लाइन टिल्डकडून ५७ ते ८१ घेऊ नका, ० ते १ घ्या. तो ० ते १ म्हणजे नुसता प्रवास. त्याला हवा तसा आकार द्या, मग २४ ने गुणा, ५७ मिळवा, एमटॉफ टिल्ड, ऑसिलेटर.

बहाद्दरी चढ हवा तर प्रवासाला स्वतःनेच गुणा. लाइन टिल्डची वायर गुणाकाराच्या दोन्ही कानांत घाला, झाला वर्ग. निम्म्या वेळेला पाव अंतर, म्हणजे २४ पैकी ६ सेमीटोन. आणखी एकदा गुणलंत की घन, निम्म्या वेळेला फक्त ३ सेमीटोन आणि उरलेले २१ दुसऱ्या अर्ध्यात.

ताईंची मींड हवी तर वर्गाची तिप्पट वजा घनाची दुप्पट. दोन्ही टोकांना वेग शून्य, मध्यावर सरळ रेघेच्या दीडपट. ० आणि १ कुठेही ढळत नाहीत, म्हणून टोकाचे स्वर जागेवर राहतात.

मींडवेडी

"टोकांना वेग शून्य." इतक्या कमी शब्दांत मला मींड कुणी शिकवली नव्हती :)

एक शंका मात्र उरली. २४ सेमीटोनवर पोचणं ठीक, दोन सप्तकं शुद्धच. पण मला षड्जावरून पंचमावर जायचं असेल तर ७ घालू?

अर्धमात्रा

७ घातलेत तर ७०० सेंटवर थांबाल. तंबोऱ्याचा पंचम ३:२, म्हणजे ७०२ सेंटच्या किंचित आत. ७.०२ घाला. फरक २ सेंटचा आहे, एकट्या सुरात कळणार नाही, मागे षड्ज लागलेला असेल तर ठोके ऐकू येतील. गांधारात मात्र डोळेझाक नको. ५:४ चा गांधार ३८६ सेंटवर आहे, कीबोर्डचा ४०० वर. तिथे ३.८६.

अल्पविराम

उशिरा आलो. मी जोडाजोडी करत नाही, कोड लिहितो, आणि याच विषयात एकदा असा तोंडावर आपटलोय की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मला वाटलं, सोपं आहे. साइन काढायची, आत २π गुणिले फ्रीक्वेन्सी गुणिले वेळ. फ्रीक्वेन्सी बदलत जाईल तशी नवी किंमत घालायची. २२० ते ८८०, ८ सेकंद, तुमचाच आकडा. वाजवलं तर सूर ८८० च्या कितीतरी वर गेला, आणि चढ संपल्या क्षणी धपकन खाली ८८० वर पडला! आलेखात फ्रीक्वेन्सी शहाण्यासारखी ८८० लाच थांबलेली. चार दिवस मी साउंड ड्रायव्हरला शिव्या देत होतो. बिचारा निर्दोष.

चूक अशी की फ्रीक्वेन्सी बदलत असताना "फ्रीक्वेन्सी गुणिले वेळ" याला अर्थच राहत नाही. आत्ताची फ्रीक्वेन्सी तुम्ही सुरुवातीपासूनच्या सगळ्या वेळाला लावता, जणू पहिल्या सेकंदापासून तीच होती. त्यामुळे फेज (लहर आपल्या फेरीत कुठवर पोचली ते) जास्तीचा पळतो. सरळ हर्ट्झच्या रेघेत तर चढण्याचा वेग बरोबर दुप्पट होतो. शेवटी २२० अधिक ६६० ऐवजी २२० अधिक १३२०, म्हणजे १५४० हर्ट्झ. सेमीटोनमध्ये सरळ चढवलंत तर आणखी वाईट, शेवटी सुमारे २१०० हर्ट्झ ऐकू येतात.

बरोबर रीत म्हणजे फेज साठवत जायचं. प्रत्येक सॅम्पलला आत्ताची फ्रीक्वेन्सी भागिले सॅम्पल रेट एवढी भर घालायची, एकाच्या वर गेलं की एक वजा करायचा. मागचं मागे राहतं.

शंकासुर

म्हणजे चालत्या गाडीचं अंतर काढताना आत्ताचा वेग गुणिले निघाल्यापासूनचा वेळ, असं केलंत?

अल्पविराम

अगदी तेच. एवढ्या सोप्या शब्दांत त्या चार दिवसांत कुणी भेटायला हवं होतं.

खर्ज

शंकासुराला आज बक्षीस द्या कुणीतरी.

निवांत_पोपट

अवांतर: कायम चढतच राहणारा, कधीच न पोचणारा सूर असतो म्हणे. खरं का?

अर्धमात्रा

असतो, म्हणजे तसा भास असतो. रॉजर शेपर्ड यांनी १९६४ मध्ये तो मांडला. एकाच वेळी सप्तकाच्या अंतराने बरेच सूर लावायचे. सगळे एकदम चढतात, वरचा हळूहळू मंदावत नाहीसा होतो, त्याच वेळी खालून नवा सूर दबक्या पावलांनी येतो. शेपर्ड यांचा पायरीपायरीने होता, सलग सरकणारा ज्यां-क्लोद रिसे यांनी केला. चुकार_तंबोरांच्या सिंथमध्येही जमेल, ऑसिलेटर सात-आठ लागतील, एवढंच.

निवांत_पोपट

म्हणजे आपल्या विभागातल्या चर्चा. कळलं.

गुंडीबहाद्दर

मूळ विषयावर, मला खरंच पडलेला प्रश्न. साइनऐवजी करवती वेव्ह घेतली आणि वर वर नेली की मागे काहीतरी उलटं, खाली उतरताना ऐकू येतं. भूत?

अल्पविराम

भूत नाही, एलियासिंग. ४४१०० च्या सॅम्पल रेटला २२०५० हर्ट्झच्या वर काही मावत नाही. करवती वेव्हमध्ये मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सगळ्या फ्रीक्वेन्सी असतात. ८८० वर २५ वा हार्मोनिक २२००० ला, तो आत. २६ वा २२८८० ला, तो भिंतीवर आपटून २१२२० ला परततो. सूर आणखी चढवलात की आपटलेले सगळे खाली खाली सरकत येतात. म्हणून उलटं ऐकू येतं. बँडलिमिटेड ऑसिलेटर (भिंतीपलीकडचे हार्मोनिक काढतच नाही असा) वापरा किंवा ओव्हरसॅम्पलिंग चालू करा. फुकटातल्या सर्ज एक्सटीसारख्या सिंथमध्ये याची बरीच काळजी आधीच घेतलेली असते. कोरी गणिती करवत स्वतः काढलीत तर मात्र हे भोगावंच लागतं.

खर्ज

आणि चढवताना आवाज थोडा उतरवत न्या. २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात कान फार तिखट असतो. तिथे शिरणारा सूर न वाढवता मोठा वाटतो, आणि ऐकणारा सुराऐवजी आवाजाकडे बघत बसतो. फिल्टर लावला असेल तर त्याचा कटऑफही (ज्याच्या वरचं तो अडवतो ती सीमा) सुराबरोबर चढू दे. नाहीतर वर गेल्यावर आवाज अंगावर घोंगडी घेतल्यासारखा मंद होतो. हा उपाय आणि आधीचा एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, माहीत आहे. कानाने तोल बघायचा.

चुकार_तंबोरा

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. कळवतो काय झालं ते.

टिल्डवाले डबे घातले, खरखर पूर्ण गेली. सेमीटोनची सरळ रेघ ऐकली, पहिल्यांदाच चढ सरळ वाटला. मग वर्ग लावला आणि तो काही केल्या आवडला नाही. माझ्या तुकड्यात पुढे शांत भाग आहे, तिथे बहाद्दरी चढ आरडाओरडा करतो. मींडवेडीताईंची मींड लावली आणि तिथेच थांबलो. फक्त ८ सेकंदांचे ११ केले, कारण मधला दीडपट वेग माझ्या सुराला झेपत नव्हता.

एकच लफडं उरलंय. पहिल्यांदा बटण दाबलं की झकास चढतो. दुसऱ्यांदा दाबलं की चढतच नाही, वरच ठाण मांडून बसतो. पॅच (ही सगळी जोडणी) बंद करून उघडला की परत एकदाच चालतो. काय करू?

गुंडीबहाद्दर

तोसुद्धा दोन सप्तकं चढून दमला असेल.

अल्पविराम

मेसेजमध्ये काय लिहिलंय?

चुकार_तंबोरा

"१ ११०००"

अल्पविराम

मग बरोबर आहे त्याचं. पॅच उघडल्यावर लाइन टिल्ड शून्यावर असतो, म्हणून पहिल्यांदा चालतो. दुसऱ्यांदा तो आधीच १ वर बसलेला आहे आणि तुम्ही त्याला १ वरच जायला सांगताय. ११ सेकंद इमानदारीत जागच्या जागी चालतोय बिचारा. पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही "२२०, ८८० ८०००" असं बरोबर लिहिलं होतंत, तसंच इथे करा. "०, १ ११०००". स्वल्पविरामाच्या आधीचा शून्य त्याला झटक्यात खाली आणतो. ऑसिलेटरचा फेज तुटत नाही, त्यामुळे टक असा आवाजही येणार नाही.

चुकार_तंबोरा

चाललं! आत्ता सातव्यांदा दाबलं.

निवांत_पोपट

स्वल्पविरामाची चूक अल्पविरामानेच काढली.